मासिक वसुलीची नवी रीत

लहान व्यवसायाला भांडवलाची चणचण असते, हे सर्वश्रुत आहे. परंतु कित्येक लहान व्यवसाय भांडवल कमी पडल्यामुळे नव्हे, तर केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हाती न आल्यामुळे बुडतात. घरगुती डबे पुरविणारी बाई, वर्तमानपत्रांची लाइन टाकणारा विक्रेता, शिकवणीचा वर्ग चालविणारे मास्तर, दुधाचा रतीब घालणारा गवळी या सर्वांच्या धंद्याची रीत एकच असते. माल किंवा सेवा रोज द्यायची आणि तिचा मोबदला महिना संपल्यावर मागायचा. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला ही मंडळी तीस दिवसांचे कर्जच देत असतात. या कर्जाला व्याज नसते, तारण नसते आणि बहुधा कागदही नसतो.

त्यातून मागण्याची भीड असते. ज्याच्या घरी रोज जायचे, ज्याच्या मुलाला रोज शिकवायचे, त्याच्यापुढे पैशांसाठी हात कसा पसरायचा, हा संकोच मराठी माणसाच्या अंगी विशेष आहे. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण अशाच अनुभवातून आलेली आहे. मोठ्या गिऱ्हाइकांकडून पैसे लवकर मिळावेत म्हणून २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने पंचेचाळीस दिवसांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. पण तीन हजार रुपयांच्या डब्याच्या बिलासाठी कोणी कायद्याची पायरी चढत नाही. अशा व्यवसायाला हवी असते ती न मागता, न भांडता, ठरल्या दिवशी पैसे जमा होण्याची सोय. मोबाइल आणि बँक यांच्या साह्याने ती सोय आज भारतभर झालेली आहे. तिचे स्वरूप काय, ती कशी लावून घ्यावी आणि तिच्यात धोका कोठे आहे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरमध्ये एक बाई चाळीस विद्यार्थ्यांना व नोकरदारांना दोन्ही वेळचा डबा देते आणि डब्याचे महिना तीन हजार रुपये घेते. महिन्याची येणी झाली एक लाख वीस हजार. चाळिसांपैकी दहा जणांनी पैसे दहा दिवस उशिरा दिले, तर तीस हजार रुपये त्या काळात अडकून पडतात. वाणी थांबेल, पण गॅसचे सिलिंडर थांबत नाही आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पगारही थांबवता येत नाही. मग हातउसने काढावे लागते किंवा चढ्या व्याजाचे कर्ज. नफा जो काही उरायचा, तो या व्याजात जातो. गिऱ्हाइकांपैकी कोणीही बुडवे नाही. प्रत्येकाचे म्हणणे एवढेच, की ‘राहून गेले.’ या ‘राहून गेले’ची किंमत मात्र त्या बाईला मोजावी लागते.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्यावरील उपायांचा इतिहासही जुना आहे. ठरावीक काळाने छोट्या रकमा गोळा करण्याची एक रीत आपल्याकडे १९२८ साली उडुपी येथे सुरू झाली. पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्ध झालेल्या बँकेने आपला माणूस रोज दारोदार पाठवून दोन-दोन आण्यांच्या ठेवी जमविण्यास आरंभ केला. ती ‘पिग्मी’ योजना पुढे महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनीही उचलली आणि पिग्मी एजंट हा बाजारपेठेतला ओळखीचा माणूस झाला. या रीतीचे मर्म असे, की पैसे देणाऱ्याला आठवण ठेवावी लागत नाही. ठरल्या वेळी घेणाराच येऊन उभा राहतो.

दुसरा उपाय इंग्लंडमध्ये निघाला. १९६४ च्या सुमारास युनिलिव्हर कंपनीच्या आइस्क्रीम व्यवसायात विक्रेत्यांकडून येणे असलेले पैसे कधी लवकर, कधी उशिरा येत. त्या कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅलेस्टर हॅन्टन यांनी असे सुचविले, की विक्रेत्याने बँकेला एकदाच अधिकारपत्र लिहून द्यावे आणि कंपनीने आपली येणी परस्पर त्याच्या खात्यातून घ्यावीत. ‘डायरेक्ट डेबिट’ या नावाने ही पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेव्हा पैसे घेणारी कंपनी मोठी होती आणि ज्याच्या खात्यातून ते जात तो विक्रेता लहान होता. आज हीच रीत उलट दिशेने वापरता येते. डबेवाली बाई किंवा शिकवणीचे मास्तर यांनाही आता गिऱ्हाइकाच्या खात्यातून आपले येणे ठरल्या दिवशी मिळवता येते. लहानांच्या हाती आलेले हे साधन नीट वापरायचे, तर त्याची घडण समजून घेतली पाहिजे.

नियमित रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिलीत देणारा आपल्या बँकेला सांगून ठेवतो, की दर महिन्याच्या पाच तारखेला अमुक खात्यात तीन हजार रुपये पाठवावेत. हिला स्थायी सूचना म्हणतात. येथे सूत्रे सर्वस्वी देणाऱ्याच्या हाती असतात. घेणाऱ्याला कोणतीही खास नोंदणी करावी लागत नाही. त्याचे साधे बँक खाते पुरते. पाच-दहा कायमची गिऱ्हाइके असलेल्या व्यवसायाला एवढी सोय पुष्कळ झाली. घरभाड्यासाठीही ती उत्तम. तिची उणीव एवढीच, की रक्कम दर महिन्याला बदलत असेल तर ती कामाची नाही.

दुसऱ्या तऱ्हेत देणारा एकदा संमती देतो आणि त्या संमतीच्या आधारे घेणारा दर खेपेला मागणी पाठवतो. या संमतीला बँकेच्या भाषेत ‘मँडेट’ म्हणतात. मराठीत तिला आज्ञापत्र म्हणता येईल. भारतात या तऱ्हेची सोय रिझर्व्ह बँकेने १९९० नंतरच्या दशकात ‘इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सर्व्हिस’ या नावाने आणली. पुढे २००८ मध्ये मुंबईत राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ स्थापन झाले आणि त्याने उभारलेल्या ‘नॅच’ या यंत्रणेने तिची जागा घेतली. कर्जाचे हप्ते, विम्याचे प्रीमियम, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक हे व्यवहार मोठ्या प्रमाणावर नॅचमधून होतात. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते. त्यामुळे हप्त्याची तारीख रविवारी आली तरी रक्कम त्याच दिवशी वळती होऊ शकते. २०१६ मध्ये युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले युपीआय, सुरू झाले. त्यावर जुलै २०२० मध्ये ‘ऑटोपे’ ही सोय आली. लहान व्यवसायाच्या दृष्टीने हीच सर्वांत जवळची वाट होय. कारण पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या मोबाइलमध्ये युपीआय आधीच पोचलेले आहे. कागदी अर्ज नाही, सही जुळण्याची प्रतीक्षा नाही. गिऱ्हाइकाने आपला पिन टाकून एकदा मान्यता दिली, की आज्ञापत्र तयार झाले.

आता हे आज्ञापत्र म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन करणे नव्हे काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ती रास्त आहे, आणि तिचेच निरसन करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डांवरील आवर्ती वसुलीसाठी नियमावली काढली. जानेवारी २०२० मध्ये ती युपीआयलाही लागू झाली. कार्डांच्या बाबतीत जुन्या नोंदण्यांना दिलेली मुदत वाढत वाढत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून नव्या नियमांत न बसणारी वसुली थांबली आणि कित्येकांची वर्तमानपत्रांची, चित्रपटांची व इतर वर्गणी एकाएकी खंडित झाली. त्या वेळी कुरकुर पुष्कळ झाली. पण त्या नियमांनी खातेदाराच्या हाती चार लगाम दिले.

पहिला लगाम रकमेचा. संमती देताना रक्कम ठाम ठरवता येते, किंवा बदलती असेल तर तिची कमाल मर्यादा खातेदाराने घालून द्यायची असते. दुसरा लगाम मुदतीचा. आज्ञापत्र कोठवर चालेल, हे आरंभीच नमूद होते. तिसरा लगाम पूर्वसूचनेचा. पैसे कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी खातेदाराला संदेश गेला पाहिजे आणि त्यात घेणाऱ्याचे नाव, रक्कम, कपातीची वेळ व कारण असले पाहिजे. तो वाचून खातेदाराला ती एक कपात किंवा सारे आज्ञापत्रच नाकारता येते. चौथा लगाम रद्द करण्याचा. खातेदाराने मनात आणले, की केव्हाही. शिवाय या सोयीबद्दल खातेदाराकडून शुल्क घेता येत नाही. दर खेपेला पिन न विचारता किती रक्कम कापता येईल, याची मर्यादा प्रथम दोन हजार होती, ती पाच हजार झाली आणि जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखापर्यंत वाढविण्यात आली. डबा, दूध, शिकवणी यांची मासिक रक्कम बहुधा पंधरा हजारांच्या आतच असते. तेव्हा लहान व्यवसायाला ही मर्यादा पुरेशी आहे.

ही सोय लावून घेण्याचा क्रम असा आहे. पहिली पायरी म्हणजे व्यवसायाची ओळख. पॅन, व्यवसायाच्या नावाचे बँक खाते आणि शक्य तर उद्यम नोंदणी ही कागदपत्रे जवळ असावीत. घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते एकच असेल, तर हिशेबाचा गोंधळ आरंभापासूनच होतो. दुसरी पायरी म्हणजे आपल्या बँकेमार्फत, किंवा रिझर्व्ह बँकेची अनुमती असलेल्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर संस्थेमार्फत, व्यापारी म्हणून नोंदणी. या संस्था आपल्या सेवेबद्दल व्यापाऱ्याकडून शुल्क घेतात. ते नोंदणीचे किती, प्रत्येक वसुलीचे किती आणि वसुली फसली तर किती, हे लेखी विचारून घ्यावे. पैसे आपल्या खात्यात कोणत्या दिवशी येतात, हेही विचारावे. तिसरी पायरी क्षुल्लक वाटते, परंतु महत्त्वाची आहे. गिऱ्हाइकाच्या संदेशात जे नाव उमटेल, ते त्याच्या ओळखीचे असले पाहिजे. डबा एका नावाने आणि कपातीचा संदेश भलत्याच नावाने आला, तर सावध गिऱ्हाईक ती कपात नाकारील. आणि त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही.

यानंतर प्रश्न येतो रकमेचा. खानावळीच्या हिशेबात खाडे असतात. विद्यार्थी चार दिवस गावी गेला, तर त्या दिवसांचे पैसे वजा झाले पाहिजेत. म्हणून ठाम तीन हजारांचे आज्ञापत्र घेणे सोयीचे नाही. कमाल रक्कम तीन हजार ठेवावी आणि दर महिन्याला खाडे वजा जाता जी रक्कम निघेल तेवढीच मागावी. पाहुण्यांसाठी जादा डबे लागतात, दिवाळीत फराळाची मागणी असते, म्हणून कमाल मर्यादा आधीच पाच-सहा हजारांची करून ठेवण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. जादा रकमेची मागणी निराळी करावी. संमती जेवढी मोजकी, तेवढा गिऱ्हाइकाचा विश्वास अधिक, आणि आज्ञापत्र रद्द होण्याचा संभव कमी.

तारखेचा विचारही तितकाच करावा. पूर्वसूचना चोवीस तास आधी जावयाची असल्याने हिशेब त्याच्याही आधी पुरा झाला पाहिजे. पाच तारखेला कपात करायची, तर खाड्यांची मोजणी महिनाअखेरीस बंद करून दोन-तीन तारखेला प्रत्येकाला हिशेबाची चिठ्ठी पाठवावी. बँकेकडून जाणारा संदेश रक्कम सांगतो. ती कशी आली हे सांगत नाही. ‘सव्वीस दिवस, चार खाडे’ एवढी एक ओळ आधी गेली असेल, तर वादाला जागा उरत नाही. पगारदार गिऱ्हाइकांसाठी पगारानंतरचा दुसरा-तिसरा दिवस, आणि विद्यार्थ्यांसाठी घरून पैसे येण्याचा सुमार, हाच योग्य मुहूर्त होय.

एवढे करूनही काही वसुल्या फसणारच, कारण खात्यात शिल्लक नसेल तर यंत्र पैसे आणणार कोठून? ऑगस्ट २०२५ पासून युपीआयच्या ऑटोपेमध्ये एका कपातीसाठी पहिला प्रयत्न आणि त्यानंतर फार तर तीन फेरप्रयत्न करता येतात. तेही गर्दीच्या वेळा सोडून. ते फसले तर मात्र माणसाने माणसाशी बोलावे. पहिल्याच चुकीला डबा बंद करणारा व्यवसाय फार दिवस चालत नाही. वसुलीचे नव्वद टक्के काम यंत्रावर सोपविले, तर उरलेल्यांच्या अडचणी ऐकण्यास सवड मिळते, हाच या सोयीचा एक लाभ आहे.

या व्यवहाराची दुसरी बाजूही आहे. लहान व्यावसायिक हा स्वतःही देणेकरी असतो. त्याच्या खात्यातून कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, कधी भाडे याच रीतीने जात असते. येणी पाच तारखेची आणि कर्जाचा हप्ता तीन तारखेचा असेल, तर धंदा उत्तम चालूनही हप्ता परत जाईल. त्याचा दंड बँक लावते आणि पुढे कर्ज मिळण्यातही ती नोंद आडवी येते. याहून गंभीर गोष्ट अशी, की २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमानुसार, देण्यापोटी केलेली अशी इलेक्ट्रॉनिक वळती शिल्लकेअभावी परत गेली आणि कायदेशीर नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत, तर तो चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरतो. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘मी कोठे चेक दिला होता?’ हा बचाव येथे चालत नाही. म्हणून जमेच्या तारखा आधी आणि खर्चाच्या तारखा नंतर, अशी मांडणी करून घ्यावी. बँकेला विनंती करून हप्त्याची तारीख बदलून घेता येते का, हे कर्ज घेतानाच विचारावे. खात्यात निदान एका हप्त्याइतकी शिल्लक सदैव राखणे, हा यावरचा सर्वांत साधा आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

राहिला प्रश्न विसरलेल्या संमतीचा. एकदा होकार दिला, की पुढे विचार करावा लागत नाही, हा या सोयीचा गुण. आणि तोच तिचा दोष. एक महिना फुकट म्हणून घेतलेली सेवा वर्षभर पैसे नेत राहते आणि ती बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवलेली असते. या युक्तीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणजे वर्गणीचा सापळा असे नाव देऊन ती अनुचित ठरविली आहे. लहान व्यावसायिकाने या वाटेला कधी जाऊ नये. डबा बंद करायचा असेल तर कोणाला, केव्हा आणि कसे कळवावे, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. गिऱ्हाईक शहर सोडून गेले, की आज्ञापत्र आपणहून रद्द करावे. ग्राहकानेही दोन-तीन महिन्यांतून एकदा युपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेची यादी उघडून पाहावी. आपण कोणाकोणाला होकार देऊन ठेवला आहे, हे तेथे एका दृष्टिक्षेपात दिसते. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला, म्हणजे पैसे जाणार आहेत किंवा पैसे नेण्याची संमती मागितली जात आहे, एवढी खूणगाठ प्रत्येकाने मनाशी बांधावी. चुकीची कपात झालीच, तर प्रथम आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी वकील लागत नाही की शुल्कही पडत नाही.

ही रीत सर्वांच्या सोयीची आहे, असेही समजू नये. ज्याची कमाई रोजची आणि अनिश्चित, अशा रिक्षाचालकाला किंवा बांधकामावरच्या मजुराला ठरावीक तारखेची कपात संकटात टाकू शकते. कित्येक वृद्ध माणसांना मोबाइलवरचे संदेश वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी रोख पैशांची वाट उघडी ठेवणे, हे व्यवहारालाही धरून आहे आणि माणुसकीलाही. इंदूरच्या त्या बाईच्या चाळीस गिऱ्हाइकांपैकी तिसांनी जरी आज्ञापत्र दिले, तरी पाच तारखेला नव्वद हजारांच्या आसपास रक्कम येईल, हे तिला एक तारखेलाच कळते. मग वाण्याला काय सांगायचे, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पगार केव्हा करायचा, हे ती निश्चिंतपणे ठरवू शकते. उरलेले दहा जण चार-आठ दिवस मागेपुढे झाले, तरी तिला सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही.

पूर्वी विश्वासाचा व्यवहार वहीत मांडला जाई आणि शब्दावर चाले. आज तो यंत्रावर चालतो, पण विश्वासाची गरज तिळमात्र कमी झालेली नाही. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे घेण्याचा अधिकार ही मोठी ठेव आहे. ती जपणाऱ्या व्यावसायिकाने रोजमेळ रोजच लिहावा, जमा झालेली प्रत्येक रक्कम गिऱ्हाइकाच्या नावापुढे मांडावी, आणि हक्कापेक्षा एक रुपयाही अधिक घेऊ नये. असा व्यवहार ठेवणाऱ्याला पैसे मागण्याची भीड उरत नाही, आणि देणाऱ्यालाही ते दिल्याचा पश्चात्ताप होत नाही.